मास्तर, मशीन बंद करू नका

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या एका गावातला निवृत्त मास्तर. २०२१ साली भाच्याने आमच्या घरी एक छोटा सर्व्हर बसवून दिला. पडद्यावर उबुंटू २०.०४ असे दिसते. त्यात घरचे फोटो आहेत. शिवाय आमच्या जत्रेतल्या नाटकांच्या आणि भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट मी दोन वर्षे बसून त्यात उतरवल्या. माझ्या वडिलांचा आवाज आता फक्त तिथेच आहे. मुलगी पुण्याहून ऐकते, धाकटा मुलगा तारवटी, तो बोटीवरून ऐकतो. मंडळाचे संकेतस्थळही त्याच मशीनवर आहे. भाचा आता परदेशी असतो. त्याच्या सांगण्यावरून मी लॉगची, म्हणजे मशीनमधल्या नोंदींची, फाइल उघडली, तर एका रात्रीत हजारो वेळा कोणीतरी पासवर्ड टाकून आत यायला बघत होते. तेव्हापासून झोप नाही. आमच्या मागे कोण लागले आहे? पोलिसांत जाऊ की मशीन बंद करून कपाटात ठेवू? मूळ कॅसेटना बुरशी लागली आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

उत्तर :

मास्तर, मशीन बंद करू नका. तुमच्या मागे कोणी लागलेले नाही. हे दोन्ही आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे शांतपणे वाचाल.

पत्रासोबत लॉगची दोन पाने छापून पाठवलीत, फार बरे केलेत. ती मी ओळीने वाचली. आत शिरू पाहणाऱ्याने वापरलेली नावे बघा: रूट, ॲडमिन, टेस्ट, यूजर, उबुंटू, ओरॅकल, पोस्टग्रेस, पाय (pi). मग पुन्हा रूट, पुन्हा ॲडमिन. त्यात तुमचे नाव नाही, आडनाव नाही, गावाचे किंवा ग्रामदेवाचे नाव नाही. तुमच्यावर डोळा ठेवून असलेल्या माणसाने सुरुवातच तिथून केली असती. ही तर जगातल्या कुठल्याही मशीनवर सापडतील अशी नावे आहेत. दार ठोठावणाऱ्याला घर कोणाचे हे ठाऊकच नाही.

कारण ठोठावणारा माणूस नाही, प्रोग्राम आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. आकडा प्रचंड वाटतो. पण २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन तयार करून दाखवले, की एक साधा कॉम्प्युटर आणि गिगाबिटची लाइन हाताशी असली तर या सगळ्या पत्त्यांचे एकेक दार पाऊण तासाच्या आत ठोठावून होते. अभ्यासासाठी केलेले काम होते ते. पण आज असले प्रोग्राम अगणित मशीनवर रात्रंदिवस चालू असतात, आणि त्यांतली पुष्कळ मशीन आधी स्वतःच कोणीतरी बळकावलेली असतात. २०१६ च्या मिराई या घुसखोर प्रोग्रामचे सगळे भांडवल म्हणजे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची एक यादी. तेवढ्यावर घरोघरचे लाखो कॅमेरे आणि राउटर त्याच्या हाती गेले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अशा मशीननी मिळून डाइन (Dyn) या, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर मारा केला, तेव्हा अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी मोठी संकेतस्थळे काही तास लोकांना उघडेनात. मिराई लिहिणारे विशीतले तीन तरुण होते. २०१७ च्या डिसेंबरात त्यांनी गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले.

तेव्हा नुसत्या ठोठावण्यासाठी पोलिसांत जाण्यात अर्थ नाही. मात्र ठोठावणारा कोणालाच ओळखत नाही म्हणून तो कोणाला वगळतही नाही, एवढे ध्यानात असू द्या. "आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाचे कोण काय नेणार" असे मला अनेक जण म्हणतात. त्याला तुमचे काही न्यायचे नसते. त्याला तुमचे मशीन हवे असते, तुमची वीज आणि तुमची लाइन वापरायला.

'फेल्ड' म्हणणाऱ्या हजारो ओळी मी सोडून देईन. मला काळजी वेगळ्या शब्दाची आहे. त्याच फाइलमध्ये 'ॲक्सेप्टेड' हा शब्द शोधा. अशा प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, कोणत्या नावाने आणि कोणत्या पत्त्यावरून कोणी आत आले हे लिहिलेले असते. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ते घरातूनच, बहुधा तुम्ही स्वतः. बाहेरचा पत्ता दिसला तर भाच्याला फोन लावून विचारा, की अमुक दिवशी अमुक वाजता तू होतास का. प्रत्येक ओळीचा धनी सापडला पाहिजे. आणखी दोन गोष्टी बघून घ्या. काही काम चालू नसताना मशीनचा पंखा तासन्‌तास जोरात फिरतो का? आणि भाच्याच्या व तुमच्या खात्यात 'ऑथराइज्ड कीज' नावाची फाइल (पासवर्डाशिवाय आत नेणाऱ्या चाव्यांची यादी) असेल तर तिच्यात तुम्हा दोघांपैकी कोणाची नसलेली चावी आहे का?

सगळे जागच्या जागी असेल तर आत कोणी आलेले नाही असे धरून पुढे चला. एखाद्या 'ॲक्सेप्टेड'ला धनी मिळाला नाही, तर मशीनमधून नेटची वायर काढा आणि साफसफाईच्या भानगडीत पडू नका. घुसलेला कुठे काय ठेवून गेला हे शोधत बसण्यापेक्षा फोटो आणि ध्वनिफिती बाहेर काढून मशीन नव्याने बसवणे शहाणपणाचे. तसे झालेच तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला कळवता येते. त्यांच्याच सायबर स्वच्छता केंद्राकडे घरच्या इतर कॉम्प्युटरसाठी मोफत साधनेही मिळतात. पैशांची फसवणूक झाली असेल तर मात्र वेळ न घालवता १९३० ला फोन करायचा.

आता पुढचे काही करण्याआधी, अगदी कुलूप बदलण्याआधीसुद्धा, एक काम उरका. वडिलांच्या आवाजाची प्रत काढा.

हे मी मुद्दाम आधी घेतो. सर्व्हर सुरक्षित करायला बसलेला माणूस सेटिंगमध्ये फेरफार करतो, आणि फेरफार करतानाच पुष्कळांचा डेटा जातो. तुमच्याकडे ती एकच प्रत आहे. मूळ कॅसेट बुरशीने चाललेल्या. मशीनमधली डिस्क चार-पाच वर्षे अखंड फिरते आहे. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलची 'माय बुक लाइव्ह' ही घरगुती डिस्क वापरणाऱ्या जगभरच्या लोकांवर हा प्रसंग आला. दूरवरून कोणीतरी त्या डिस्क पुसून टाकल्या होत्या. डिस्क चालू, दिवा चालू, आत काही नाही. कंपनीने त्या डिस्कसाठी सुधारणा देणे २०१५ सालीच थांबवले होते, आणि लोक मात्र तिलाच आपली राखीव प्रत समजत होते.

बाजारातून दोन एक्स्टर्नल डिस्क आणा. दोन्हीवर सगळे उतरवा. एक कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा, नवी प्रत घेण्यापुरतीच मशीनला जोडा. कायम जोडून ठेवलेली डिस्क ही प्रत नव्हे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम आत आला तर जोडलेल्या डिस्कलाही तो सोडत नाही. दुसरी डिस्क लेकीबरोबर पुण्याला पाठवा, म्हणजे घरावर वीज पडली, पाणी शिरले, चोरी झाली तरी एक प्रत शंभर कोसांवर सुखरूप. आणि प्रत काढली म्हणजे झाले असे समजू नका. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा, वडिलांचा एखादा अभंग लावा आणि शेवटपर्यंत ऐका. फाइलचे नाव दिसते पण आत आवाज नाही, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

विजेचे बोलतोच आहे तर तेही सांगतो. आपल्याकडे मेच्या अखेरीला आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये जो गडगडाट होतो, त्यात हॅकरपेक्षा जास्त मशीन जात असतील. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, पण त्या डब्याचा अडॅप्टर तुमच्याच सॉकेटमध्ये असतो. सर्व्हर आणि राउटर दोन्ही एका चांगल्या यूपीएसवर असू द्या आणि ढग गरजू लागले की प्लग काढा. दोन तास मशीन बंद राहिले म्हणून काही बिघडत नाही.

आता दारांकडे वळू.

तुमचे घर जुन्या धाटणीचे असेल तर पुढे सोपो, मागे परसातले दार, न्हाणीकडे एखादे, गोठ्याकडे एखादे. रात्री घरातले थोरले माणूस प्रत्येक कडी हाताने चाचपून मग झोपते. सर्व्हरची अडचण अशी, की त्याला किती दारे आहेत हेच घरच्यांना ठाऊक नसते. माझे सगळे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे: उघडी दारे होता होईल तेवढी कमी करा, आणि जी ठेवाल ती तुम्हाला तोंडपाठ असू द्या. 'पूर्ण सुरक्षित' असे काही नसते, ते मी कोणाला सांगतही नाही. उघडे काय आहे हे माहीत असलेले घर पुरेसे सुरक्षित करता येते. माहीत नसलेले येत नाही.

हे मला स्वतःच्या घराने शिकवले. २०१९ साली फोंड्याला आमच्या घरी कॅमेरे बसवले. बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने "मोबाइलवर दिसेल" म्हणून राउटरमध्ये एक पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचे दार, उघडले आणि पासवर्ड कारखान्याचाच ठेवला. मी हा विषय रोज हाताळणारा माणूस, पण घरच्या कॅमेऱ्याकडे त्या नजरेने पाहिलेच नव्हते. दोन वर्षांनी राउटर बदलताना ती नोंद दिसली. त्या कॅमेऱ्याच्या समोर सोपो होता, आणि सोप्यावर रोज दुपारी माझी आई अबोलीचे वळेसर करत बसायची. दोन वर्षे तिला कोणी पाहिले, पाहिले की नाही, हे मला कधीच कळणार नाही. लाखभर रुपये गेले असते तर मी एव्हाना विसरलो असतो. ही गोष्ट अजून विसरता येत नाही. म्हणून सांगतो, तुमच्या घरीही कॅमेरे असतील तर सर्व्हरच्या आधी ते तपासा.

तपासायचे कसे? राउटरच्या पानावर जा. बहुतेकांचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, किंवा डब्याच्या तळाशी छापलेला असतो. तिथे 'पोर्ट फॉरवर्डिंग' अशी यादी आहे, ती वहीत उतरवून घ्या. त्याच पानांत 'यूपीएनपी' सापडले तर बंद करा. घरातल्या कुठल्याही यंत्राला तुम्हाला न विचारता बाहेरचे दार उघडायची ती परवानगी असते. राउटरचा स्वतःचा पासवर्ड 'ॲडमिन' असेल तर आजच बदला.

मग सर्व्हरच्या काळ्या खिडकीत एसएस ही आज्ञा द्या. त्यापुढे वजाचे चिन्ह आणि टी, यू, एल, पी, एन ही इंग्रजीतली धाकटी (स्मॉल) अक्षरे जोडून लिहा. दारांची यादी समोर येईल. तिच्यात पत्त्याचा रकाना बघा. १२७.०.०.१ लिहिले असेल तर ते आतल्या खोलीतले दार, मशीनचे मशीनशीच बोलणे. ०.०.०.० किंवा दोन उभ्या टिंबांसारखी चिन्हे असतील तर ते दार येणाऱ्या प्रत्येकासाठी उघडे धरले आहे. पोर्ट २२ म्हणजे एसएसएच, दूरवरून मशीन चालवायचे दार, ज्यावर तुमच्याकडे रात्रभर ठोठावणे चालते. ८०९६ दिसले तर बहुधा जेलीफिन, ज्यातून लेक गाणी ऐकते. ८० आणि ४४३ म्हणजे मंडळाचे संकेतस्थळ. ज्या ओळीचा अर्थ लागत नाही तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करा आणि भाच्याला विचारा. ही यादी तुम्हाला एकदा समजली की अर्धी लढाई झाली.

यात एक फसवणूक आहे, ती चांगल्या जाणकारांनाही चकवते. भाच्याने यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल लावून "मी सगळे बंद केले आहे" असे सांगितले असेल. पण जेलीफिन वगैरे त्याने डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत बसवायच्या सोयीत, बसवले असतील तर डॉकर आपले पोर्ट उघडताना यूएफडब्ल्यूला वळसा घालून जातो. फायरवॉल म्हणते बंद, दार मात्र सताड उघडे. म्हणून कागदावर विसंबू नका. फोनचे वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या आणि ब्राउझरमध्ये घरचा बाहेरचा पत्ता व पोर्ट टाकून बघा. पान उघडले तर ते जगालाही उघडते. नव्या पद्धतीच्या आयपीव्ही६ पत्त्यांमध्ये तर घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा बाहेरून दिसणारा पत्ता मिळतो, तेव्हा राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

आणि मग, मास्तर, बाहेरची सगळी दारे लावून टाका. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीतल्या सगळ्या नोंदी पुसा. संकेतस्थळाची ८० आणि ४४३ तेवढी ते हलवेपर्यंत राहू द्या, त्याचे पुढे सांगतो.

लेक आणि मुलगा आत कसे येणार? त्यांच्यासाठी खासगी वाट करायची. वायरगार्ड नावाची पद्धत २०२० पासून लिनक्सच्या, म्हणजे उबुंटू ज्यावर उभे आहे त्याच्या, गाभ्यातच आहे. तिची खुबी अशी, की ज्याच्याकडे चावी नाही त्याला ती उत्तरच देत नाही. ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही. पण तुमच्यासारख्यांना मी त्यावरच उभी असलेली टेलस्केल ही सेवा सुचवतो. सर्व्हरवर, लेकीच्या फोनवर, मुलाच्या लॅपटॉपवर ती बसवायची आणि एकदा खात्याने आत जायचे. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावे लागत नाही. गावातला नेटवाला शंभर घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देत असला तरी ती चालते. बोटीवरचे नेट पुष्कळदा साध्या वायरगार्डची वाहतूक अडवते. टेलस्केल अशा वेळी नेहमीच्या सुरक्षित वेबवाहतुकीच्या वाटेने वळते, म्हणून मुलासाठीही तीच बरी. ज्या खात्याने टेलस्केलमध्ये जाल, त्या खात्याला पासवर्डखेरीज फोनवरचा दुसरा टप्पा लावा, कारण आता सगळ्या घराची किल्ली तिथे असेल. आणि मुलगा पुढच्या खेपेला निघेल तेव्हा आजोबांची भजने पेनड्राइव्हवर घालून त्याच्या बॅगेत ठेवा. भर समुद्रात नेटचा भरवसा नाही.

हे झाल्यावर दुसऱ्या सकाळी तीच लॉगची फाइल उघडा. 'फेल्ड'च्या ओळी थांबलेल्या दिसतील.

तरीही एसएसएचला आतून एक अडसर घालाच: पासवर्ड बंद, फक्त चावी. तुमच्या लॅपटॉपवर चावीची जोडी तयार होते, त्यातली उघडी अर्धी सर्व्हरवर जाते आणि गुप्त अर्धी लॅपटॉपवरच राहते. मग एसएसएचच्या सेटिंगमध्ये पासवर्डने प्रवेश आणि रूट या मुख्य खात्याचा प्रवेश, दोन्हींपुढे 'नो' लिहायचे. एक पथ्य कडक पाळा. हे करताना जी खिडकी उघडी आहे ती बंद करायची नाही. दुसरी खिडकी उघडून चावीने आत जाऊन बघा, जमले की मगच पहिली मिटा. नाहीतर आपणच आपल्या घराबाहेर राहतो. पोर्ट २२ बदलून दुसरा आकडा ठेवण्याचा सल्ला तुम्हाला पुष्कळ जण देतील. त्याने आवाज कमी होतो, सुरक्षा फारशी वाढत नाही. फेलटूबॅन हा प्रोग्रामही तसाच. दहा मिनिटांत पाच वेळा चुकणाऱ्याला तो दहा मिनिटे बाहेर ठेवतो. असला तर चांगले, पण त्याच्या भरवशावर साधा पासवर्ड ठेवू नये.

राहिले मंडळाचे संकेतस्थळ. इथे माझे मत ठाम आहे: ते घरातून हलवा. संकेतस्थळ म्हणजे गावाला खुले असलेले दार, ते लावता येत नाही. मग ते वडिलांच्या आवाजाच्या खोलीत कशाला? जत्रेचा मंडप आपण देवळासमोर घालतो, देवघरात नाही. कार्यक्रमांच्या तारखा, चार फोटो, संपर्क एवढेच त्यावर असेल तर गिटहब पेजेससारख्या ठिकाणी साधी पाने फुकट ठेवता येतात. त्यांत बिघडण्यासारखे फारसे काही नसते. संकेतस्थळ वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बांधलेले असेल तर आणखी तातडीने हलवा. जुनी, कोणी न सांभाळलेली प्लगइन (त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम) ही घुसायची नेहमीची वाट आहे, आणि भाचा गेल्यापासून ती कोणी बघितलेली नाहीत.

यावरून अपडेटकडे येतो. उबुंटू २०.०४ या तुमच्या मशीनच्या मूळ प्रणालीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती २०२५ च्या मे महिन्यात संपली. तुमच्या मशीनवर अपडेट चालू असले तरी आता त्यातून बहुतेक काही येत नाही, आणि पडद्यावर तसे ठळक दिसतही नाही. घाबरायचे कारण नाही. घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत उबुंटू प्रो मोफत मिळते आणि त्यातून २०.०४ ला २०३० पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतात. आता ते जोडून घ्या. चवथीला भाचा आला की त्याला बसवून आधी २२.०४ आणि मग २४.०४ वर न्या, मधली पायरी गाळता येत नाही. मात्र उबुंटूच्या अपडेटने डॉकरमधले जेलीफिन किंवा फोटोंचे सॉफ्टवेअर नवे होत नाही. ते महिन्यातून एकदा वेगळे करायचे. प्रत काढायचा आणि हे करायचा दिवस एकच ठेवा, संकष्टी किंवा एकादशी, जो तुम्ही विसरत नाही तो.

"घरच्या गाण्यांच्या सॉफ्टवेअरला काय होणार" असे वाटत असेल तर एक घडलेली गोष्ट सांगतो. लास्टपास ही लोकांचे पासवर्ड सांभाळणारी कंपनी. २०२२ साली तिच्या एका अभियंत्याच्या घरच्या कॉम्प्युटरवरून चोर कंपनीच्या तिजोरीपर्यंत पोहोचले. वाट होती त्याच्या घरच्या प्लेक्स या गाणी-सिनेमांच्या सॉफ्टवेअरमधली एक त्रुटी. तिची दुरुस्ती २०२० च्या मेमध्येच निघाली होती. त्याने ती बसवली नव्हती.

चवथीचा उल्लेख झाला म्हणून आठवले. त्या पाच दिवसांत गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली पंचवीस माणसे जमतात आणि पंचवीस फोन तुमच्या वायफायवर येतात. त्यांतल्या कोणत्या पोराने फोनमध्ये काय घातले आहे ते त्याच्या आईलाही ठाऊक नसते. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय करता येते, ते चालू करा आणि त्याचाच पासवर्ड भिंतीवर लावा. टीव्ही आणि कॅमेरेही त्याच बाजूला टाका. पाहुण्यांना नेट मिळते, सर्व्हरपर्यंत वाट जात नाही. यात कोणाला वाईट वाटण्यासारखे काही नाही.

शेवटचे काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले जमेल. एक जाड वही करा. पहिल्या पानावर मशीन कुठे आहे, त्यावर काय काय बसवले आहे, कोणते दार कशासाठी. दुसऱ्यावर राउटरचा, सर्व्हरचा, टेलस्केलच्या खात्याचा पासवर्ड. पासवर्ड कागदावर लिहू नये असे बँका सांगतात. पण तुमच्या लॉगमधले ते हजार ठोठावणारे डिचोलीच्या कपाटातली वही वाचू शकत नाहीत, आणि लांब, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड लिहून ठेवणे हे सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवण्यापेक्षा कितीतरी बरे. पुढच्या पानांवर दर महिन्याला काय केले त्याची तारखेसह एक ओळ. आज हे सगळे भाच्याच्या डोक्यात आहे आणि भाचा सात समुद्रापलीकडे. वही कुठे ठेवली हे लेकीला सांगा. तुमच्या माघारी तिला आजोबांचा आवाज शोधता आला पाहिजे.

आणि त्या बुरशी आलेल्या कॅसेट टाकू नका, तशाच लावूनही बघू नका. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. कोरड्या कापडाने वरून पुसा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुड्या बदला. टेप साफ करून देणारे लोक अजून आहेत. ज्या कॅसेट उतरवताना मध्येच अडकल्या असतील त्यांची नावे वहीत लिहून ठेवा.